पाटावरचं पिस्तूल

गोरखला कोंबडी कापता येत नसे. हॉटेलवाल्याला हे शोभणारं नव्हतं, पण शिवऱ्याच्या हायवेवर इतकी वर्षं थाळी विकूनही त्याला ते जमलं नाही. सुरुवातीला शेडमागं कोंबड्या कापायचं काम त्याचा चुलतभाऊ सोमनाथ करायचा.

"तू रस्त्याकडं तोंड करून हुबा ऱ्हा," सोमनाथ म्हणायचा. "कांदं चीर. रडलास तरी कुणाला कळायचं न्हाई."

सोमनाथ सहा महिन्यांनी धाकटा. पण कुणी गोरखला दम दिला की हा आधी पुढं. ओढ्यात पोहायलाही त्यानंच शिकवलं. म्हणजे आधी ढकलून दिलं आणि मग स्वतः उडी मारून वर काढलं. गोरख खोकत काठावर बसला होता, आणि सोमनाथ शेजारी बसून हसत होता. "म्या हाय न्हवं हितं? मग भ्यायचं कशापायी?"

पुढं रस्त्याकडच्या जमिनीला भाव आला आणि सगळं फिरलं. आजोबांचा तुकडा दोघांच्या नावावर होता, त्याची रस्त्याची बाजू गोरखच्या हॉटेलाखाली. सोमनाथला आपला वाटा पुण्याच्या एका पार्टीला द्यायचा होता, आणि पार्टीला मागची जमीन एकटी नको होती. गोरख हटेना. एका लग्नाच्या पंगतीत, पोटात थोडी गेलेली असताना, सोमनाथ सगळ्यांदेखत म्हणाला, "गोरख, सरळ सरक. न्हाईतर त्याच शेडखाली गाडीन तुला."

लोक हसले. सोमनाथही हसला. गोरखच्या हातातला घास तसाच राहिला.

पुढच्याच आठवड्यात, तिन्हीसांजेला, तोंडं बांधलेले तिघं मोटारसायकलवरून आले आणि गोरखला गजानं बडवून गेले. डावा हात मोडला. ते कोण, हे कधीच कळलं नाही. आदल्या दिवशी हॉटेलात दारूची बाटली उघडू दिली नाही म्हणून तीन पोरांशी त्याचं वाजलं होतं. जलालच्या मते तीच पोरं. जलाल भोरचा. हॉटेलाचं सामान त्याच्याच टेम्पोतून यायचं, आणि सामान उतरवून झालं की तो गल्ल्याशेजारी बसून गोरखचं डोकं खायचा.

"सोमनाथला मारायचं आसतं तर त्यानं तोंड बांधलं आसतं व्हय?" जलाल म्हणाला. "त्यो तर लांबनं हाका मारत आला आसता."

"तुला काय म्हाईत. जमीन माणसाला कुठं नेती ते."

"आन् भ्या कुठं नेतं, ते म्हाईत हाय का तुला?"

गोरखनं ऐकलं नाही. त्यानं हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज केला. चौकशीला आलेल्या पोलिसांसमोर जबाब दिला, की चुलतभाऊ सोमनाथ याच्यापासून माझ्या जिवाला धोका आहे. सोमनाथलाही बोलावणं गेलं. तो गेला, सांगायचं ते सांगितलं, घरी आला आणि दोन दिवस घराबाहेर पडला नाही. त्याची बायको बनाबाई पाणवठ्यावर गोरखच्या बायकोला, अश्विनीला, एवढंच म्हणाली, "तुमच्या मालकांनी माझ्या मालकाला खुनी ठरिवला की गं."

अश्विनीनं घागर उचलली. ती घराकडं चालू लागली.

परवाना यायला वर्ष उलटलं. आला त्या दिवशी गोरख जलालला घेऊन पुण्याला गेला. बंदुकीचं दुकान एवढं शांत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आत कपड्याच्या दुकानासारखा आरसा होता, पंखा होता, आणि काचेच्या पलीकडं चष्मा लावलेले म्हातारे मालक.

"लपवायचंय का दाखवायचंय?" मालकांनी विचारलं.

"म्हंजी?"

"दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एकाला शर्ट वर करून फिरायचं असतं. दुसऱ्याला बायकोलाही कळू द्यायचं नसतं."

"दुसरं," गोरख म्हणाला.

"बायकोला कळून झालंय," जलाल म्हणाला. "तिनंच मला संगं धाडलंय."

मालकांनी आधी रिव्हॉल्वर ठेवलं. चकरी बाजूला काढून दाखवली. "ही सहा घरं. कुठल्या घरात गोळी आहे, कुठलं रिकामं, डोळ्यांना दिसतं. नवख्या माणसानं हेच घ्यावं. फक्त जाड आहे. कमरेला फुगवटा येतो."

गोरखनं ते खोचून आरशात बघितलं. शर्टाखाली काहीतरी आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"पोट दुसरीकडनं आल्यावानी दिसतंय," जलाल म्हणाला.

मग पिस्तूल आलं. चपटं, लहान. खोचलं आणि शर्ट खाली सोडला, तर काहीच नाही. गोरख आरशासमोर एका बाजूनं वळला, दुसऱ्या बाजूनं वळला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचा श्वास सरळ चालला.

"इकडं बघा," मालक म्हणाले. "आरशात नंतर बघा. गोळ्या ह्या मॅगझीनमध्ये असतात, मॅगझीन खालून निघतं. पण ते काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजायचं नाही. एक गोळी वर नळीत बसलेली असू शकते. ती बाहेरून दिसत नाही. हा वरचा भाग मागं ओढायचा आणि आत डोळ्यांनी बघायचं. प्रत्येक वेळी."

त्यांनी दोनदा करून दाखवलं. गोरखनं मान हलवली.

"ऱ्हिवॉल्वरच घी," जलाल हळूच म्हणाला. "दिसतंय तरी."

"दिसायलाच नको हाय मला."

राहिल्या गोळ्या. मालकांनी दोन डब्या मांडल्या. एक देशी, सरकारी कारखान्याची. दुसरी परदेशी, किंमत जवळजवळ तिप्पट. जलालनं मनातल्या मनात हिशोब मांडला. "देशी एक गोळी म्हंजी एक साधी थाळी. परदेशी म्हंजी एक मटणथाळी आन् वर सोलकढी. मालक, माणूस कंच्यानं मरतो?"

"दोन्हींनी," मालक हसले नाहीत. "सराव करणार असाल तर देशी घ्या. महिन्यातून एकदा रेंजवर जाऊन थोड्या उडवा, हाताला सवय लागते. उडालेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या जपून आणायच्या, त्यांचा हिशोब द्यावा लागतो."

"आन् सराव न्हाई केला तर?"

"पूर्वी मी सांगायचो, मग घेऊच नका." त्यांनी चष्मा पुसला. "आता नाही सांगत. दुकान चालवायचंय."

गोरखनं देशी गोळ्यांची एक डबी घेतली. रेंजवर तो कधीच गेला नाही. परवान्यासाठीच्या ट्रेनिंगमध्ये उडवल्या होत्या तेवढ्याच. अश्विनीनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "एकेक थाळी हवेत मारायची व्हय?" तिलाही ते पटलं. थाळीवर घर चालत होतं.

पिस्तूल आलं, तरी भीती गेली नाही. उलट तिला बसायला जागा मिळाली. गोरख आता दाराकडं तोंड करून जेवायचा. हॉटेलासमोर मोटारसायकल थांबली की हात आपसूक शर्टाखाली जायचा. गिऱ्हाइकाला पाणी देताना तो वाकत नसे, ताठ उभा राहून ग्लास टेकवायचा. "कंबर धरली व्हय रं?" म्हाताऱ्या विचारायच्या. सगळ्या गावाला माहीत होतं कंबरेला काय आहे. लपलेलं असं काहीच नव्हतं.

गोरख-सोमनाथच्या दोन्ही घरांत मिळून खंडेनवमीचा पाट एकच असायचा. पणजोबांचा एक कोयता होता, झिजून निम्मा उरलेला. एका वर्षी गोरखच्या घरी, दुसऱ्या वर्षी सोमनाथच्या. ज्याच्या घरी कोयता, त्याच्या घरी सगळ्यांची हत्यारं-अवजारं पुजायला जायची. विळा, खुरपं, पाना, पक्कड, हॉटेलातला झारा, जे हाताला पोट देतं ते सगळं. भांडणानंतर दोन वर्षं कोयता सोमनाथकडंच अडकला होता. यंदा गोरखची आई, धोंडाबाई, न विचारता जाऊन सोमनाथला सांगून आली.

"सकाळी कोयता घिऊन ये. पाट आमच्यात हाय."

"गोरखला इचारलं का काकू?"

"पाट त्याचा न्हाई. पाट माझ्या सासऱ्याचा."

गोरखला हे खंडेनवमीच्या सकाळी कळलं. तो उठला. आतल्या खोलीत गेला, कडी लावली, पिस्तुलात मॅगझीन घातलं. ट्रेनिंगमध्ये शिकवल्यासारखा वरचा भाग मागं ओढून सोडला, गोळी नळीत चढली, आणि सेफ्टीचा खटका खाली करून मोकळा ठेवला. वेळ आली तर वेळ जायला नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मग शर्ट खाली ओढून तो बाहेर येऊन बसला.

सोमनाथ आला तो हाका मारतच. धुतलेल्या फडक्यात कोयता, मागं बनाबाई, तिच्या हातात झेंडूची फुलं. दसऱ्याचं म्हणून जलालही भोरहून आला होता, ओट्यावर चहा पीत होता. सोमनाथनं कोयता धोंडाबाईच्या हातात दिला आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"गोरख, त्या पार्टीला म्या 'न्हाई' म्हनून सांगितलं. तुझी म्होरली बाजू तुला ऱ्हाऊ दे. मागं म्या भाजीपाला लावतो, तुझ्या हॉटेलाला घी. भाव मातर माझा."

जलालनं कप खाली ठेवला.

"आन् कोंबड्या बी परत म्याच कापीन," सोमनाथ म्हणाला.

गोरखला हसायचं होतं. पण कमरेतलं लोखंड गरम झाल्यासारखं वाटत होतं, आणि मान वर होत नव्हती.

धोंडाबाईनं पाट मांडला. मधे कोयता, भोवती बाकीचं. मग तिनं लेकाकडं हात केला. "कमरंचं काढ."

"ऱ्हाऊ दे आई."

"आज घरातलं हत्यार पाटाभायेर ठिवायचं न्हाई. काढ."

"दाव की," सोमनाथ म्हणाला. "माझ्या नावानं आणलंय, म्या अजून बघितलं बी न्हाई. ह्याच्यावर कमाई काय हुती रं, झाऱ्यापरीस जास्त?"

गोरखनं पाठ फिरवली. मॅगझीन काढून कपाटात, कपड्यांखाली सरकवलं. पिस्तूल पाटावर ठेवलं.

"रिकामं हाय न्हवं?" अश्विनीनं विचारलं.

"मॅगझीन काढलंय."

जलालनं तोंड उघडलं होतं. दुकानातल्या मालकांचं काहीतरी त्याला आठवत होतं, पण तेवढ्यात बनाबाईनं त्याच्या हातात नैवेद्याची वाटी धरायला दिली. धोंडाबाई एकेका अवजाराला हळद-कुंकू लावत, झेंडूचा छोटा हार अडकवत चालली होती. विळ्याच्या मुठीत हार बसला, झाऱ्याच्या दांड्यात बसला. पिस्तुलावरून तो घसरायला लागला. तिनं खालची, चापाभोवतीची कडी बघितली, त्यातून दोरा ओवला आणि घट्ट बसावा म्हणून ओढला.

आवाज एवढा मोठा झाला की सगळ्यांना पहिल्यांदा वाटलं, काहीतरी वरून पडलं. पाटाच्या पलीकडं सोमनाथ फोडायचा नारळ हातात धरून बसला होता. नारळ हातातच राहिला. तो खाली बघत होता, आणि त्याचा पांढरा सदरा पोटापाशी लाल होत होता.

जलालनं टेम्पो काढला. मागं ताडपत्रीवर सोमनाथ, त्याचं डोकं गोरखच्या मांडीवर, पायाशी बनाबाई. निघताना गोरख मागं वळून घराकडं ओरडला, "आईचं नाव कुणी घ्यायचं न्हाई. म्या हाताळत हुतो. कळलं?"

हायवेला सणाची गर्दी होती. गाड्यांना हार, बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं. जलाल हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

"गोरख," सोमनाथ म्हणाला.

"बोलू नगंस. आलंच दवाखाना."

"आरं... खरंच भीत हुतास व्हय मला?"

गोरखनं त्याच्या पोटावरचं फडकं दाबून धरलं होतं.

"एवढा?" सोमनाथनं विचारलं.

टोलनाका मागं गेला तेव्हा त्याचा हात ताडपत्रीवर उलटा पडला. जलालला आरशात दिसलं. त्यानं हॉर्न सोडला, पण टेम्पो थांबवला नाही.

पोलिस ठाण्यात गोरखनं सांगितलं, माझ्याच हातून उडालं, चुकून. लिहून घेणाऱ्या साहेबांनी मान वर केली. परवान्याच्या चौकशीला हेच आले होते.

"गोरखशेठ, ह्याच माणसापासून धोका आहे, असं तुम्ही मला तुमच्या हॉटेलात बसून सांगितलं होतं. चहासुद्धा पाजला होता. आता चुकून म्हणता?"

"व्हय."

"गोळी नळीत कुणी भरली?"

"म्या."

"कधी?"

"सकाळी. त्यो येनार म्हनून."

साहेबांनी पेन थांबवलं. "हे असंच लिहू?"

"असंच हाय ते."

बाहेर धोंडाबाई व्हरांड्यात बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला सांगत होती, "म्या वढलं, सायेब. म्या हार बांधत हुते." शिपाई म्हणत होते, बसा आजी. लेकाला वाचवायला आया काय काय बोलतात, हे त्यांना रोजचं होतं. खरं काय ते बनाबाईनं समोर बसून बघितलं होतं. तिला विचारलं, तेव्हा ती एक शब्दही बोलली नाही. विचारणाऱ्यांना जे समजायचं ते त्यांनी समजून घेतलं.

त्याला आता वर्ष होत आलं. गोरख येरवड्याला आहे, खटला अजून उभा राहतोय. हॉटेल अश्विनी चालवते. कोंबड्या कापायला तिनं माणूस ठेवलाय. भेटीला ती जलालच्या टेम्पोतून येते. मागच्या भेटीत गोरखनं विचारलं, "औंदा पाट कुनाकडं?"

"त्यांच्याकडं. पाळी त्यांचीच की."

"मग कोयता?"

"तुमच्या आई घिऊन गेल्या हुत्या. आषाढातच. म्हनल्या, माझा भरवसा न्हाई, आधीच दिऊन येते." अश्विनी थांबली. "बनाबाईनी दार उघाडलं न्हाई. आई लई येळ हाका मारत हुत्या. मग उंबऱ्यावर ठिवून आल्या."

"आन् मग?"

"तितंच हाय."

"भिजला आसंल."

"पावसाळाभर," अश्विनी म्हणाली. "जाता-येता दिसतोय की."