कांबळे मॅडमचा फसलेला तास

मीटिंगमध्ये सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. आमच्या डायरेक्टर सरांनी विचारलं होतं, "मग कोणाच्या लेक्चरपासून सुरुवात करायची?"

मी विद्यापीठाच्या क्वालिटी सेलमध्ये काम करतो. शिकवण्याचा दर्जा सुधारावा म्हणून आम्ही पीअर ऑब्झर्वेशन आणलेलं. म्हणजे एका शिक्षकाच्या तासाला दुसऱ्याने बसायचं आणि जे दिसलं ते नंतर स्पष्ट सांगायचं. सुरुवातीला तो दुसरा मीच असणार होतो. गणित विभागात कोणीच तयार नव्हतं. "चुका काढायला येणार, दुसरं काय," कोणीतरी पुटपुटलं. इथे नकार मिळाला असता तर बाकीच्या विभागांनीही दारं लावून घेतली असती.

"माझ्या वर्गात ये," कांबळे मॅडम मला म्हणाल्या.

कोपरीच्या कांबळे मॅडम म्हणजे विभागातलं सगळ्यात मोठं नाव. निवृत्ती जवळ आलेली. मीही त्यांचाच विद्यार्थी. यांच्या शिकवण्यात सुधारायचं काय, असा मला प्रश्न पडला.

मी शेवटच्या बाकावर बसलो. विषय होता लिमिट, म्हणजे एखादी किंमत ठरावीक आकड्याच्या किती जवळ नेता येते ते. मॅडम इतक्या सुरेख शिकवत होत्या की मी ऐकतच राहिलो. मग आठवलं, आपल्याला मुलांकडे बघायचंय. शेजारी आंबिवलीची स्नेहल फळ्यावरचं भराभर उतरवून घेत होती. मी हळूच विचारलं, "हे एप्सिलॉनचं चिन्ह म्हणजे काय गं?"

"सर, ते प्रत्येक प्रूफमध्ये येतंच," ती म्हणाली. "पहिल्या ओळीत लिहायचं असतं."

तासानंतर मी मॅडमना सांगितलं, स्नेहल न समजताच उतरवून घेते.

"तिचं एकटीचंच असं?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. आणखी काहींना विचारलं. मागच्या निम्म्या वर्गाचं तरी असंच."

"पुढच्या आठवड्यात परत ये."

पुढच्या वेळी त्यांनी मध्येच खडू खाली ठेवला. "आता हेच शेजारच्याला समजावून सांगा." कोणी बोलेना. मॅडम थांबून राहिल्या. मुलं खुसुखुसु हसायला लागली. तास वाया गेला, पोर्शन मागे पडला. बाहेर येऊन मॅडमनी मला गाठलं. "आज फारच वाईट झालं ना रे? नेमकं कुठे, ते सांग."

जन्मभर कौतुकच ऐकलेली बाई नवख्या लेक्चररसारखं विचारत होती.

"प्रश्न फार मोठा होता, मॅडम."

त्यांनी तो लहान केला: एप्सिलॉन म्हणजे काय, एवढंच शेजारच्याला सांगा. पुढच्या तासाला आधी कुजबुज, मग चक्क गलका. शेवटी स्नेहल उठली. "मॅडम, म्हणजे समोरच्याने मागायचं, मला इतकं जवळ आणून दाखव. त्याने कितीही जवळ मागितलं तरी आपल्याला आणता आलं पाहिजे. ते 'इतकं' म्हणजे एप्सिलॉन ना?"

मॅडम पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. "परत सांग बाळा. सावकाश."

पुढच्या मीटिंगमध्ये मॅडमनी आपला फसलेला तास सगळ्यांना सांगितला, काहीही न लपवता. दोघा शिक्षकांनी तिथेच मला आपल्या वर्गात बोलावलं. निकाल काही लगेच वर गेला नाही. उलट पोर्शन संपवायला जादा तास घ्यावे लागले आणि मुलांनी त्याबद्दल कुरकुरही केली.

आता नव्या विभागात गेलो की मी एवढंच विचारतो, इथे सगळ्यात चांगलं कोण शिकवतं? सुरुवात त्यांच्यापासून करतो. कच्च्या शिक्षकांपासून केली की ती चुकांची चौकशी वाटते.