तयार दांडीवरचं फडकं

तीस वर्षांत लाँड्रीवाल्या मामाच्या हातून एक रुमालसुद्धा हरवलेला नाही. गल्लीत हे सगळे मान्य करतात, आणि कोणी करत नसेल तर मामा स्वतः आठवण करून देतो. दुकान म्हणजे एकच खोली. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे दोन हौद, आणि छताखाली तीन लांब दांड्या: पहिली ‘आलेले’, दुसरी ‘चालू’, तिसरी ‘तयार’. प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी. मामाने लग्न केलं नाही. “बायकोला चिठ्ठी कुठे टाचणार होता?” असं त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, म्हणते. मामाची देवावर भक्ती आहे. पण एवढा पसारा मांडताना देवाने जरा नंबर टाकून ठेवायला हवे होते, असंही त्याचं मत आहे.

ताई हॉस्पिटलात नर्स आहे. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची मुलगी राहतात, मामा जेवायला तिथेच. मुलीला सगळे भिंगरी म्हणतात, आणि का ते पाच मिनिटांत कळतं.

पाचवीपर्यंत भिंगरीचं बरं चाललं होतं. एक वर्ग, एक बाई. सहावीत गेली आणि सात विषयांचे सात शिक्षक, सात वह्या, प्रत्येकाचा वार वेगळा. गणिताची वही घरी आणि गणिताचे सर शाळेत, असं होऊ लागलं. वर्गशिक्षिकाबाईंनी भिंतीवर तक्ता लावला. काही विसरलं की लाल फुली. दहा फुल्या झाल्या की तारांगणाची सहल बंद. सहलीला तीन आठवडे होते आणि भिंगरीच्या नऊ फुल्या झाल्या होत्या. चंद्रावरचे खड्डे तिला नावानिशी पाठ. स्वतःचा डबा कुठे आहे ते मात्र तिला ठाऊक नसायचं. रात्रपाळीहून आलेल्या ताईसमोर ती हमसून हमसून रडली. ताई सरळ खाली गेली.

“तुला एवढे परक्यांचे शर्ट सांभाळता येतात ना? मग एक भाची सांभाळून दाखव.”

मामाने दप्तर टेबलावर उलटं केलं. तीन टोपणं, पेन एकही नाही. एक मोजा. चुरगळलेली पालकसभेची चिठ्ठी, सभा होऊन दोन महिने झालेली.

“हे दप्तर आहे की भंगाराचं दुकान? हा मोजा कोणाचा?”

“माझाच असेल.”

“असेल? दुसरा कुठे आहे?”

“तो हरवला, म्हणून तर हा दप्तरात जपून ठेवलाय.”

मामाने डोक्याला हात लावला आणि त्याच दिवशी तिन्ही दांड्यांच्या टोकाला वीतभर जागा भिंगरीसाठी मोकळी केली. शाळेतून आली की वह्या चिमट्याने पहिल्या दांडीवर टांगायच्या. अभ्यास सुरू झाला की दुसरीवर. पुरा झाला की तिसरीवर. सकाळी तिसऱ्या दांडीवरचं तेवढं दप्तरात.

गिऱ्हाइकांची करमणूक झाली. एका पेन्शनर आजोबांनी कोट घरी नेला आणि तासाभराने परत आले. “अरे, माझ्या कोटाच्या आत भूगोल कसा आला?” पण दोन आठवडे एकही फुली नाही. मामाची मान अशी ताठ झाली, की ताई म्हणाली, “जरा कमी खळ घाल स्वतःला.”

त्याच सुमारास विज्ञानाच्या सरांनी प्रयोग दिला होता. पांढऱ्या फडक्यावर पाच डाग पाडायचे: चहा, शाई, तेल, चिखल आणि गंज. दहा दिवस रोज बघायचं, काय बदल झाला ते वहीत लिहायचं आणि गुरुवारी फडकं घेऊन यायचं. भिंगरीने फडकं वर खिडकीत ठेवलं. मामाला काही सांगितलं नाही. पुरं झाल्यावर त्याला थक्क करायचं होतं. बुधवारी संध्याकाळी मामा कपडे पोचवायला गेलेला असताना ती खाली आली, फडक्याला स्वतःच्या अक्षरातली कागदी चिठ्ठी चिमट्याने लावली आणि ते ऐटीत ‘तयार’ दांडीवर टांगलं. कोणी न सांगता.

गुरुवारी पहाटे मामाने दुकान उघडलं, देवाला उदबत्ती लावली आणि वर बघितलं. तयार दांडीवर डाग! तेही एक नाही, पाच! तीस वर्षांची अब्रू भर दुकानात टांगलेली. कोणी बघायच्या आत त्याने फडकं ओढलं, चिमटा-चिठ्ठी वाटीत टाकली आणि हात आपोआप चालू लागले. गंजाला लिंबू-मीठ, तेलाला सोडा, शाईला स्पिरिट. एकेक डाग माघार घेत गेला. सात वाजता फडकं दुधासारखं पांढरं, खळ घातलेलं, चौपदरी घडी घातलेलं टेबलावर होतं. चिठ्ठी परत लावायला मामाने चष्मा चढवला.

चिठ्ठीवर होतं: ‘भिंगरी. विज्ञान. डाग जपावेत.’

तेवढ्यात भिंगरी जिना उतरली. तिने दांडीकडे बघितलं, घडीकडे बघितलं, मामाकडे बघितलं. मग ती खाली पायरीवरच बसली.

“दहावी फुली,” ती म्हणाली. “आणि मी काही विसरलेसुद्धा नव्हते.”

मामाला याच्यापेक्षा थप्पड परवडली असती. त्याने इस्त्री बंद केली, दुकानाला कुलूप घातलं आणि तिच्याबरोबर शाळेत गेला.

वर्गात सरांनी घडी उलगडली. मागचं पुढे केलं. “डाग कुठे आहेत?”

“गेले,” मामा म्हणाला. “मीच घालवले. सवयीने.”

तक्त्यापाशी वर्गशिक्षिकाबाई लाल पेन घेऊन उभ्या होत्या. “नियम म्हणजे नियम. सांगितलेली वस्तू आणली नाही की...”

“बाई, वस्तू आणलीय. फक्त माझ्यामुळे स्वच्छ आहे.”

वर्ग फिस्सकन हसला. भिंगरीने मात्र मान वर न करता वही पुढे केली. सर वाचू लागले. दहा दिवस, दहा तारखा, एकही चुकलेली नाही. ‘सहावा दिवस: तेल कडेने पसरलं. आठवा दिवस: शाई फिकी झाली, गंज आहे तसाच हट्टी.’ मामा तिच्या खांद्यावरून वाचत होता. ही वही त्याच्या कुठल्याच दांडीवर कधी आली नव्हती.

“गंज कशाने गेला?” सरांनी विचारलं.

“लिंबू आणि मीठ. वर उकळतं पाणी.”

“लिही गं,” सर म्हणाले. भिंगरीने तिथेच उभ्याने लिहिलं: ‘अकरावा दिवस: मामाने धुतलं. सगळे डाग गेले. गंज लिंबाला घाबरतो.’

“माझ्यापुरता प्रयोग पूर्ण आहे, बाई,” सर म्हणाले.

बाईंनी वही चाळली, पेन हातात फिरवलं. “पण फुली तर कोणालातरी द्यायलाच हवी.”

“द्या की मला,” मामा म्हणाला.

बाईंनी तक्त्याच्या तळाला ‘मामा’ असं लिहून पुढे एक ठसठशीत लाल फुली काढली. मुलांनी बाकं बडवली.

सहलीच्या सकाळी भिंगरीने दप्तर स्वतः भरलं. मामा हात पाठीमागे बांधून दारात उभा होता. पाण्याची बाटली इस्त्रीच्या टेबलावरच राहिलेली त्याला स्वच्छ दिसत होती. त्याचा चेहरा लाल झाला. ताई त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती. भिंगरी कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, पाठ चाचपली आणि धावत परत आली.

“तुला दिसत होती ना रे?”

“दिसत होती.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुझ्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असं त्या फडक्यानंतर ठरलंय.”

“हात लावायचा नाही, मामा. बोलायचं तर असतं!” बाटली काखेत मारून ती पळाली.

“हे आधी सांगायचं ना!” मामा तिच्या मागे ओरडला. “बुटाची नाडी सुटलीय!”