उजेड दुकानाचा, हिरा गिऱ्हाइकाचा

हिऱ्यांच्या दुकानात नोकरी केलेल्या बाईला "काही तरी सांग ना" असं कधी म्हणू नये. किस्से मुद्दाम जपावे लागत नाहीत, माळ्यावर भांडी साचतात तसे साचतात. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात!

नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन कोल्हापूरहून बेंगलोरला आले आणि जयनगरमधल्या एका दुकानात काउंटरवर लागले. मालक श्रीनिवासराव, म्हणजे आमचे अण्णा. कित्येक पिढ्यांपासून बेंगलोरचं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात मध्ये कानडी "स्वल्प", म्हणजे जरा, आणि शेवटी "सरी", म्हणजे बरं, हे ठरलेलं!

*

पहिल्याच दिवशी अण्णांनी दोन अंगठ्या मांडल्या. एक स्पॉटलाइटखाली, एक मागच्या ट्यूबलाइटखाली.

"यातला हिरा कुठला?"

यात विचार कसला करायचा? स्पॉटखालची नुसती लखलखत होती! मी लगेच बोट दाखवलं.

"ती काच," अण्णा म्हणाले आणि त्यांनी अंगठ्यांची अदलाबदल केली. ट्यूबखाली काच अगदी गप्प झाली. हिरा स्पॉटखाली आला मात्र, लाल, निळ्या, हिरव्या ठिणग्या उडायला लागल्या. इतका वेळ हे सगळं याच्या पोटात होतं? मी आ वासून बघतच राहिले.

"उजेड दुकानाचा असतो, हिरा गिऱ्हाइकाचा. घरी जाताना उजेड बांधून देता येत नाही! सरी?"

म्हणून आमच्याकडे नियमच होता. प्रत्येक दागिना स्पॉटखाली, ट्यूबखाली आणि दुकानाबाहेर, असा तिन्हीकडे दाखवायचा. मगच बिल.

*

एका रिटायर्ड कर्नलसाहेबांना तेवढा धीर नव्हता. अंगठी घेऊन ते स्वतःच भर दुपारच्या उन्हात जाऊन उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "अरे, हा काळा पडला!"

खरंच काळपट दिसत होता हो! रणरणत्या उन्हात हिऱ्याचं असंच होतं. अधूनमधून एखादी ठिणगी, बाकी अंधार. अण्णांनी मात्र शांतपणे त्यांचा हात धरला आणि समोरच्या मोठ्या झाडाखाली नेलं. पानांतून उन्हाचे कवडसे पडत होते, आणि त्या कवडशांत हिरा अक्षरशः नाचायला लागला!

कर्नलसाहेबांनी अंगठीकडे बघितलं, मग मान वर करून झाडाकडे बघितलं.

"अंगठी घेतो. झाड कितीला देता?"

*

अण्णा रोज पांढराच शर्ट घालायचे. मला वाटायचं, हौस असेल एकेकाची.

एकदा हळदी रंगाची ठसठशीत साडी नेसून एक बाई आल्या. जो हिरा हातात घेतील तो पिवळा! "चांगला माल आत लपवलाय का?" म्हणून माझ्यावर डाफरल्या. अण्णांनी एक धुतलेला पांढरा पंचा आणून दिला, "अम्मा, स्वल्प खांद्यावरून घ्या." त्यांनी घेतला, आणि तोच हिरा पांढराशुभ्र! मी तर अण्णांच्या पांढऱ्या शर्टालाच हात जोडले.

"तुम्ही त्याला बघताय, तसा तोही तुम्हाला बघतोय!" अण्णा हसले.

तासभर मुकाट बसलेले त्यांचे यजमान पहिल्यांदाच बोलले, "तरी म्हणत होतो, ही साडी घेऊ नको!"

*

पुण्याहून आलेला अभिजित नावाचा एक सॉफ्टवेअरवाला साखरपुड्याची अंगठी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा घाबराघुबरा फोन.

"अण्णा, आम्ही पबमध्ये गेलो होतो. तिथे जांभळे दिवे होते. हिरा निळा पेटला! डुप्लिकेट तर नाही ना?"

"छे रे! काही अस्सल हिरे त्या दिव्याखाली उजळतात. इथल्या जुन्या बायका असा खडा मागून घेतात. बदलून हवाय?"

"बदलून कसला! होणारी बायको म्हणतेय, मंगल कार्यालयात जांभळे दिवे लावणार असाल तरच लग्न!"

*

आता हा शेवटचा.

चिकपेटेतल्या जुन्या मराठी घरातल्या गोदाक्का आपल्या सुनेला, सुमनला घेऊन आल्या. सुमनचे डोळे रडून सुजले होते. गोदाक्कांनी रुमाल सोडून हिऱ्यांच्या कुड्या काउंटरवर ठेवल्या. त्यांच्या आईच्या कुड्या.

"हिनं पॉलिशला नेल्या, आणि आणल्या त्या काचेच्या! खडे काढून माहेरी दिलेत हिनं."

"अण्णा, तुम्हीच बघा," सुमन म्हणाली. "खोटे निघाले तर आजच घर सोडते. पण खरे निघाले तरी, हे ऐकल्यावर त्या घरात राहू कशी?"

अण्णांनी भिंगातून एकेक खडा बघितला. "अस्सल आहेत. जुन्या घडणीचे."

"भिंग तुमचं, डोळे तुमचे! मी काय आंधळी आहे? घरात बघते ना, जीवच नाही त्यांच्यात!"

"कुठल्या घरात?"

"कोरमंगलाच्या, नव्या. पॉलिश झालं त्याच महिन्यात राहायला गेलो. पोरानं देवघरातसुद्धा ट्यूबा लावल्यात."

"आणि पूर्वी कुठे बघायचात?"

गोदाक्कांचा आवाज उतरला. "आईच्या कानात. समईपुढे पोथी वाचायची ती."

अण्णा उठले. शटर खाली ओढलं, सगळे दिवे बंद केले आणि देव्हाऱ्यातली समई लावली. "सुमन, घाल कानात आणि इथे बस."

सुमन घालायला तयार नव्हती. "घाल गं," मी हळूच म्हटलं. तिनं कुड्या घातल्या आणि समईपुढे बसली.

काय सांगू! ज्योत हलली की तांबड्या-निळ्या ठिणग्या सुमनच्या मानेवर, गालावर फिरायच्या. गोदाक्का पुढे सरकल्या, खाली बसल्या, आणि लहान मुलीसारखं तोंड वर करून बघत राहिल्या.

बऱ्याच वेळानं सुमननं कुड्या काढायला हात वर नेला. गोदाक्कांनी तो धरला.

"राहू दे. माझ्या कानात असल्या की मला दिसत नाहीत."