लाईन कुठे तोडायची

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी साखर कारखान्यातली वाफेची लाईन घेतली होती. माझे वडील तिथे बॉयलरवर फिटरच्या हाताखाली काम करतात, परवानगी त्यांच्याच ओळखीने मिळाली. आम्ही त्यांना दादा म्हणतो. म्हसावदजवळच्या आमच्या गावात राहणाऱ्या आमच्या सगळ्या भाऊबंदांत कॉलेजात गेलेली मीच पहिली.

ही लाईन बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत जाते. पाईप तापला की लांबतो, आणि त्याचा ताण टर्बाइनच्या तोंडावर किती येतो ते मला काढायचं होतं. अख्खी लाईन कॉलेजच्या सॉफ्टवेअरात मावत नव्हती. मग ती तोडायची, म्हणजे कागदावर. अर्धीचा हिशेब आधी, उरलेलीचा नंतर. कुठे तोडायचं ते माझ्या प्रोजेक्टच्या सरांनी समजावलं होतं. पाईप जिथे इतका पक्का बांधलेला आहे की कुठल्याच बाजूला सरकत नाही, वळतही नाही, तिथेच तोडायचं. तिथे पलीकडची ओढ अलीकडे येत नाही. नुसता टेकवलाय अशा जागी तोडलं तर सगळा हिशेब खोटा.

मी एक खांब निवडला. खरं कारण सांगायला आजही अवघड जातं. माझ्याकडचा नकाशा त्या खांबापाशी संपत होता, आणि पुढचा कागद मी मागितला नव्हता. खालून पाहिलं तर पाईप तिथे पक्का बांधल्यासारखा दिसायचा. वर चढून मी पाहिलं नाही, पण अहवालाच्या कच्च्या खर्ड्यात मात्र ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ असं लिहिलं.

सर लाईन बघायला आले तेव्हा हंगाम संपला होता, सगळं थंड पडलं होतं. सर कोल्हापूरकडचे, आमची अहिराणी बोली त्यांना कळत नाही. दादा शिडी घेऊन आमच्या मागे चालत होते. हे माझे वडील, असं मी सरांना सांगितलं नव्हतं. का नाही, ते मलाही नीट सांगता येत नाही. त्यांचे कपडे तेलाने काळे झालेले होते, आणि सर नुकतेच माझं कौतुक करत होते, एवढंच आठवतं.

खांबाकडे बोट करून मी म्हणाले, “सर, इथे पक्कं बांधलंय, म्हणून इथे तोडलं.”

मागून दादा म्हणाले, “माय, तठे बांधेल नही शे. गरम व्हयना का पाईप दोन बोटं सरकस तठे.”

सरांनी विचारलं, “काय म्हणतात हे?”

“काही नाही सर. शिडी कुठे लावू, विचारतायत.”

“नको, खालूनच दिसतंय,” सर म्हणाले आणि पुढे निघाले.

दादांना मराठी बोलायला अवघड जात असेल, कळते सगळी. शिडी खांद्यावर घेऊन ते आमच्या मागून येत राहिले. घरीही त्यांनी तो विषय काढला नाही. आईजवळ एवढंच म्हणाले, “तिन्हा सर भला माणूस शे.”

हंगाम सुरू झाला तेव्हा अहवाल द्यायला आठवडा उरला होता. बॉयलर पेटायच्या दिवशी दादा पहाटे मला म्हणाले, “चाल, दखाडस तुले.” त्यांनी शिडी धरली आणि मी चढले. खालून एक फिटरकाका ओरडले, “आज चढनी का इंजिनेरबाई!” सगळे हसले, दादाही. पाईपखालच्या लोखंडावर एक घासलेला चकचकीत पट्टा होता, तेवढ्या जागी गंजसुद्धा धरला नव्हता. दादांनी सांगितलं तशी मी खडूने रेघ मारली. संध्याकाळी पाईप तापल्यावर पुन्हा चढले. पाईप रेघेपासून दोन बोटं पुढे गेला होता.

टर्बाइनवरचा ताण माझ्या हिशेबात छान कमी आला होता. येणारच, नसलेल्या बंधनाला मी पाईप बांधून ठेवला होता आणि पलीकडची ओढ हिशेबात आलीच नव्हती.

मी तिथूनच सरांना फोन लावला. म्हणाले, “सर, मी चुकीच्या जागी तोडलंय. पाईप तिथे सरकतो.”

“कुणी सांगितलं?”

दादा चार पावलांवर शिडी बांधत होते. ‘मी स्वतः पाहिलं’ हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“माझ्या वडिलांनी,” मी म्हणाले. “त्या दिवशी शिडी घेऊन होते, ते. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी तुम्हाला दुसरंच सांगितलं.”

सर म्हणाले, “अख्खी लाईन त्यांच्याकडून लिहून घे. पाईपखालचा एकेक आधार. आणि ती पाहणीची ओळ काढ.”

रविवारी दादा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसले. मी वही उघडली.

“बॉयलरपासून तिसरा आधार,” ते सावकाश म्हणाले. “तिथे पाईप... सरकतो. सातव्याला सरकत नाही. तिथे खरा बांधलेला आहे.”

घरात ते असं कधीच बोलत नाहीत. मी म्हणाले, “दादा, आपली बोलीमांच सांगा ना.”

“नको,” ते म्हणाले. “तुझ्या सरांना कळायला पाहिजे.”

पुढचं वाक्य त्यांनी आधी ओठांतल्या ओठांत जुळवून पाहिलं, मग बोलले. मी लिहीत राहिले. मान वर करून त्यांच्याकडे बघणं मला जमलं नाही.