मारुतीच्या मागचं आजोळ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? नगरच्या बाजारात बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही, हे तुम्हीच चारचौघांत सांगता. पण एका गावात मी इतका छान बोललो, इतका छान बोललो, की हातात आलेलं गिऱ्हाईक गेलं! चहा गार होईल म्हणताय? होऊ द्या. आधी ऐका.

दुष्काळाचा काळ. सुप्याच्या पुढे आडवाटेला एक गाव आहे, नाव नको. तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर इंजिन बसवायला ग्रामपंचायतीला सरकारी अनुदान मिळालं होतं. दुकानदारांनी बंद पाकिटात भाव द्यायचे, पंचांसमोर पाकिटं फोडायची, ज्याचा भाव कमी त्याचं इंजिन घ्यायचं. मार्च संपत आलेला. महिनाअखेर खरेदी झाली नाही तर अनुदान परत.

आणि माझ्या दुकानात, अगदी दारात, एक ऑइल इंजिन उभं होतं. एका बागाईतदाराने सांगून ठेवलेलं. विहीर आटली, तो फिरकलाच नाही. गिऱ्हाइकं त्या इंजिनाला वळसा घालून आडवी होऊन आत यायची. बायको रोज विचारायची, "याला हळदकुंकू वाहू का? कायमचं बसलंय ते!"

ते इंजिन मला खपवायचंच होतं. म्हणून भाव अगदी खाली आणला, पाकीट चिकटवलं आणि निघालो.

आता माझी धंद्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला मी आधी माल दाखवत नाही, आधी नातं काढतो. तुमचं गाव कुठलं, आईचं माहेर कुठलं, अरे मग तर आपण पाहुणेच! पाहुण्याकडे घासाघीस कोण करतो? आणि पत्ता विचारलाच, तर माझं उत्तर ठरलेलं: "मारुतीच्या देवळामागचं घर." मारुती नाही असं गाव असतं का कुठे?

सकाळीच सरपंच रंगनाथरावांच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्यांच्या आई, ठकूबाई, दाण्याच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, माहेर कुठलं?"

"पिंपळवाडी."

"काय सांगता! माझं आजोळ पिंपळवाडी!"

म्हातारीचे हात थांबले. "कुनाच्यातला रं तू?"

"मारुतीच्या देवळामागचं घर, मावशी." आजीची मावशी केव्हा झाली ते माझं मलाही कळलं नाही.

म्हातारीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "म्हायेरचं मानूस किती वर्सांनी आलं गं बाई!" मी पाया पडलो. वाकलो होतोच, तर डोळ्यांना रुमालही लावून घेतला.

मग काय! एक पंच माझे मेहुणे निघाले, दुसरे चुलते. चावडीवर पोचेपर्यंत निम्म्या गावाचा मी पाहुणा झालो होतो.

चावडीच्या कोपऱ्यात गुंजाळ बसला होता. तोही नगरचाच इंजिनवाला. ह्या माणसाला कुणाशी बोलणं म्हणजे संकट. पाकीट मांडीवर, नजर भिंतीवर. मला त्याची खरंच दया आली हो!

ग्रामसेवक तांबे नवीन होते, फार काटेकोर. चार पाकिटं आली होती, दोन टपालाने, दोन हातोहात. ती समोर मांडून ते म्हणाले, "फोडण्याआधी एक गोष्ट. शेजारच्या गावात एका पंचाच्या साडूने पाइप पुरवले आणि हिशेब तपासणीत सगळं गाव अडकलं. तेव्हा पंचांचा नातेवाईक कुणी असेल, तर त्याचं पाकीट मी फोडणार नाही."

मी मान डोलावली. बरोबरच आहे की! नियम म्हणजे नियम.

तेवढ्यात रंगनाथराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "तांबेसाहेब, तुमची वळख करून द्यायची ऱ्हायली. ह्ये नानाशेठ. आमचे मावसभाऊ!"

"आमचं मेव्हणं," एक पंच म्हणाले.

"माजा पुतन्या लागतोय," दुसरे म्हणाले.

तांब्यांनी माझं पाकीट उचललं आणि अलगद बाजूला ठेवलं.

"अहो, अहो! तांबेसाहेब, हे आपलं गावकीचं नातं, मानलेलं!"

रंगनाथरावांचा चेहरा उतरला. "मानल्यालं? आनि मगाशी आईच्या पाया पडताना डोळ्यास्नी रुमाल लावलावता, त्यो बी मानल्याला व्हय?"

चावडीत हशा पिकला. गुंजाळसुद्धा भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे बघायला लागला.

तांबे माणूस न्यायाचा. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "हे पाहा शेठ, नातं नसेल तर तसं लिहून द्या. 'पंचांपैकी कुणाशीही माझं नातं नाही.' खाली सही करा, मी आत्ता पाकीट फोडतो."

सोपं काम. मी पेन काढलं. डोळ्यांसमोर दारातलं ते इंजिन आलं. 'पंचांपैकी' एवढं लिहिलं आणि दारातून आवाज आला, "रंग्या! माज्या म्हायेरचं मानूस चावडीवर उपाशी बसवलंस व्हय रं?"

ठकूबाई होत्या. हातात पितळी, तीत गुळाचा शिरा. दुष्काळात कुणाच्या घरी गूळ आणि तूप निघत होतं, सांगा बरं मला! पंच माझ्या पेनाकडे बघताहेत, म्हातारी माझ्या तोंडाकडे.

मी पेनाला टोपण लावलं. शिरा खाल्ला.

गुंजाळचं इंजिन मंजूर झालं. माझा भाव त्याच्यापेक्षा चांगलाच कमी होता, पण माझं पाकीट फुटलंच नाही, तर कळणार कुणाला? मी ते तसंच खिशात घालून घरी आणलं. बायकोने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "मावशी मिळाली."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण नातं असं संपतं होय? महिन्याभरात गुंजाळच्या इंजिनाचं वॉशर गेलं. गावकरी आले कुणाकडे? माझ्याकडे! गुंजाळ परका ना. आणि पाहुण्याकडून वॉशरचे पैसे घ्यायचे कसे? नगरला कोर्टाची तारीख असो की दवाखाना, मुक्काम आमच्याकडे. दिवाळीला मावशीला लुगडं तर ठरलेलंच. दोन वर्षं मी ते नेऊन दिलं आणि दर वेळी मनात म्हणालो, बिचारी भोळी म्हातारी, आपण हिला फसवलं.

परवाच्या दिवाळीला मन खायला लागलं. ओसरीवर दोघंच होतो. लुगडं पुढे ठेवलं आणि म्हटलं, "मावशी, खरं सांगू का? पिंपळवाडीला माझं आजोळ नाही."

म्हातारीने लुगड्याची घडी मोडली, काठ उजेडात धरून पाहिला.

"ठावं हाय मला. आरं, आमच्या पिंपळवाडीत मारुतीच्या मागं मसनवटा हाय. थितं कुनाचं आजोळ असतंय व्हय?"

"मग... मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"म्या बोलले असते तर लुगडं कुनी आनलं असतं?" असं म्हणून तिने घडी पुन्हा नीट घातली. "फुडल्या वर्सी मातुर हिरवं आन हां भाच्या. आनि काठ जरा रुंद बघ."