मायरन आणि डेअरीची गाय

पुतळ्यांच्या कारखान्यात प्लॅस्टरची धूळ आणि किस्से सारखेच. संध्याकाळी झाडून काढावेत, सकाळी पुन्हा बोटभर थर! लग्नाला आठ महिने झाले आणि माझ्याकडे आत्ताच पोतंभर साठलेत. त्यातले निम्मे मायरनमुळे. मायरन म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक शिल्पकार. माझा एम.ए.चा प्रबंध त्याच्यावर, आणि सासरे सोलापुरात पुतळे करणारे. त्या दोघांची गाठ मीच घालून दिली.

*

बार्शीला आमच्या घरी मला बघायला आले, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "हा मायरन कुठला?"

"ग्रीसचा."

"त्याच्या मागं धंदा कोण बघितलं?"

"मुलगा. तोही शिल्पकारच झाला."

सासऱ्यांनी शेजारी बसलेल्या स्वतःच्या मुलाकडं पाहिलं. आमचे हे विम्याच्या ऑफिसात आहेत. "बघ!" एवढंच म्हणाले.

लग्न ठरलं. मला वाटलं, आता रोज मातीत हात! पहिल्याच आठवड्यात मामंजींनी सांगून टाकलं, "घरच्या सुनेनं मातीला हात लावायचा न्हाय. तू मोबाईलवर फोटो टाकत जा." तीन पिढ्यांचा कारखाना बंद पडला तरी चालेल, सुनेच्या नखात माती नको!

*

मामंजींकडं धडाचा साचा एकच. उभा माणूस, अंगात कोट, हातात पुस्तक. डोकं तेवढं बदलायचं. मंगळवेढ्याहून एक कमिटी आपल्या शाळेच्या संस्थापकांचा पुतळा बघायला आली.

"चेहरा झकास. पण आमचे सर एवढे सडपातळ नव्हते हो!"

आमचे जुने कारागीर मल्लप्पाअण्णा शांतपणे म्हणाले, "चौथऱ्यावर चढलं की माणूस बारीकच दिसतंय."

कमिटीला पटलं!

ते गेल्यावर मी सांगितलं, मायरनचा मूळ पुतळा आज एकही उरलेला नाही. आपण बघतो त्या रोमन लोकांनी केलेल्या नकला. मामंजींचा चेहरा उजळला. "म्हणजे त्याचं बी सगळं कॉपीच की!"

त्या दिवसापासून त्यांना मायरन आपल्यातला वाटायला लागला.

*

मायरनच्या थाळीफेक्याचा फोटो मी कारखान्याच्या भिंतीवर लावला. कमरेत वाकलेला, हात मागं नेलेला, अंगावर सूतभर कपडा नाही. सासूबाई आल्या, बघून गेल्या. परत आल्या त्या टॉवेलचा तुकडा आणि सेलोटेप घेऊनच.

"सोलापुरात राहायचं आणि अंगावर टॉवेल नाही? लोक काय म्हणतील!"

आठवड्यानं एका तालमीचे वस्ताद त्या फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले. "असाच एक आमच्या दारात पायजे." जाताना बजावून गेले, "टॉवेलसकट!"

*

मग कुंभारी गावाकडच्या एका डेअरीनं दारात उभी करायला गाय सांगितली. मी बोलून बसले, की मायरननं काशाची गाय केली होती आणि खरी वासरं तिला प्यायला यायची, असं जुने लोक लिहून गेलेत.

मामंजी तीन आठवडे गायीपासून हलले नाहीत. मातीची गाय अंगणात उभी राहिली, आणि शेजारच्या पार्वतीमावशींचं वासरू परीक्षक म्हणून आणलं. वासरानं गाय हुंगली. मग वळून अण्णांचा शर्ट चघळायला लागलं.

"आपली काशाची न्हाय ना," अण्णा म्हणाले.

मामंजी हसले नाहीत. जेवलेही नाहीत. "चाळीस वर्षं नुसती डोकी बदलली. एक जनावर जमंना. मोडा उद्या ही गाय. कारखाना बी बंद करू."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले होते. मी गायीभोवती फिरले. सगळं बरोबर होतं, पशुवैद्याकडच्या तक्त्यासारखं. मान ताठ, नजर समोर, आधार कार्डाच्या फोटोला उभी राहिल्यासारखी! आमच्या बार्शीच्या गोठ्यात मला अशी गाय कधी दिसली नाही. माती वाळू नये म्हणून मानेवर टाकलेलं ओलं पोतं मी काढलं. अण्णांनी मानेच्या आतली सळई वाकवायला हात दिला आणि दाराशी जाऊन पहाऱ्याला बसले. मी मान मागं वळवली, कान पाडला, गळ्याच्या वळ्या घातल्या. तीन तास गेले.

संध्याकाळी मामंजी अंगणात यायला आणि पार्वतीमावशी दूध घेऊन फाटकातून आत शिरायला एकच गाठ पडली.

"हाड! वाटेत कुणी बांधली ही?" मावशींनी काठी हाणली. काठी गायीच्या पाठीत रुतून बसली!

मावशींना मोतीबिंदू आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक. त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही.

"मावशी," मामंजी हळूच म्हणाले, "कशी हाय गाय?"

"वासरू मागं राहिलंय जणू तिचं," काठी उपसत मावशी म्हणाल्या. "कशी वळून बघतीया, बघा की!"

मामंजींनी गायीच्या मानेवरून हात फिरवला. वळ्यांवर बारीक बोटांचे ठसे होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हात मागं लपवले.

"शेपटी लई ताठ झालीया माझ्याकडनं," ते म्हणाले. "उद्या सकाळी तेवढी बघ."