तरीपण सर

आपल्या चुकांचा दाखला भर वर्गात देणारा मास्तर मी एकच पाहिला. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे. तंबाखूनं काय काय होतं हे डॉक्टरपेक्षा बारकाईनं सांगायचे आणि सांगता सांगता तळहातावर तंबाखू मळायचे. पोरं हसली की म्हणायचे, "हसा. मला सगळं माहीत आहे. तरीपण खातो. का खातो, ते सांगा." त्यावरून पोरांनी त्यांचं नाव तरीपण सर ठेवलं आणि त्यांना ते आवडायचंही.

चांगलं काय ते ओळखूनही माणूस उलटं का वागतो, हा त्यांचा आवडता तास. एक जुनं मत सांगायचे, की असं कुणी वागतच नाही. वागला तर त्याला नीट कळलेलं नाही असं समजा. दुसरं मत असं, की कळलेलं असतं, पण ऐन वेळी ते झोपी जातं. दोन्ही फळ्यावर लिहून झाली की सर खडू खाली ठेवायचे. "मला कळलंय, आणि मी जागाही आहे," म्हणायचे. मी त्यांचाच विद्यार्थी. पुढे त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागलो, तरी या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायचो.

सत्तर सालाच्या सुमारास त्यांच्या शालननं बरोबर शिकणाऱ्या एका मुसलमान मुलाशी लग्न केलं. सरांची ही एकुलती एक, आईविना वाढवलेली. मुलगा गुणी होता आणि पोरीचं काही चुकलं नाही हे सर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलले होते. लग्नाच्या दिवशी दाढी करून, कोट चढवून बसले आणि घरातून निघालेच नाहीत. हातकणंगल्याकडची भावकी काय म्हणेल याची भीती वाटली, असं त्यांनी मला नंतर सरळ सांगितलं. मग न गेल्याची लाज वाटू लागली आणि त्या लाजेपायी पुढचं जाणंही अडलं.

शालन गडहिंग्लजला राहायची. प्रत्येक पत्रात लिहायची, बाबा, या. सर रविवारी एसटी स्टँडवर जायचे, गाडीत बसायचे आणि कंडक्टरनं डबल बेल मारायच्या आधी उतरायचे. असं पाच वर्षं चाललं. मला त्यांचा राग यायचा. एवढा शहाणा माणूस आणि एवढासा प्रवास होत नाही.

शेवटी त्यांनीच तोड काढली. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो, असं शालनला कार्ड टाकलं आणि मला सोबत घेतलं. स्वतः खिडकीशी बसले, मला कडेला बसवलं. मांडीवर नातीसाठी घेतलेला लाल फ्रॉक.

"मी उठलो तरी उठू द्यायचं नाही," म्हणाले. "त्या वेळी काय सांगेन ते माझं मानू नकोस. आत्ता सांगतोय ते माझं."

मी हो म्हणालो.

कागलला गाडी थांबली आणि सर उठले. चेहरा घामानं भिजला होता. कंडक्टर म्हणाला, "पावणं, गडहिंग्लजचं तिकीट हाय की तुमचं." सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सरक," मला म्हणाले. "सरक, मी सांगतोय."

मी गुडघे बाजूला घेतले. फ्रॉक सीटवरच राहिला होता, तो उचलला आणि त्यांच्या मागोमाग उतरलो. परतीच्या गाडीनं कोल्हापूरला आलो, फ्रॉक माझ्याकडेच राहिला.

त्याच वर्षी थंडीत सर हार्ट अटॅकनं गेले. शालन आली ती माती झाल्यावर. मी तिच्या हातात फ्रॉक दिला आणि त्या रविवारचं सांगितलं. ती त्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन एकामागून एक तीन गाड्या बघत स्टँडवर उभी होती. मला भडभडून आलं. ती रडली नाही.

"उठू देऊ नका म्हणून बाबांनी सांगितलं होतं न्हवं तुम्हाला?" तिनं विचारलं. "मग का सरकलासा?"

सरांपुढे माझं काय चालणार, असं काहीतरी मी बोललो. तिनं मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. पण ते खरं नव्हतं. त्या क्षणी हात धरून बसवलं असतं तर ते बसले असते, हे मला कागलला स्वच्छ दिसत होतं. तिला एकदा हे खरं सांगायला हवं. पत्ता माझ्याकडे आहे, गाड्याही पुष्कळ आहेत. अजून गेलेलो नाही.